लाल अक्षरं नकोत

आमच्या बाबांना चूक चालते, चूक दाखवणारा चालत नाही. त्यांच्या हॅचरीत मी पॅकिंग करते. एका मोठ्या मशीनमध्ये अंडी उबवायची आणि पिल्लं विकायची, हा आमचा धंदा. माझी वहिनी लग्नाआधी एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. लग्नानंतर तिच्या वाट्याला ओटा आला. तिने बाबांच्या मागे लागून लागून मशीन कॉम्प्युटरवर चालवायची परवानगी मिळवली, तेव्हा बाबा म्हणाले, "अंड्यांचा एक लॉट नीट उबवून दाखव. पिल्लं निघाली तर हॅचरी तू सांभाळ. नाहीतर ओटा आहेच."

त्या शब्दावर ती अक्षरशः जगत होती. जेवतानासुद्धा तिच्या डोक्यात मशीनच असायचं.

प्रोग्रॅमसाठी तिने एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड, वापरली होती. मला तिने साध्या शब्दांत समजावलं, "ताई, प्रोग्रॅमला तीन वाटा असतात. एकीतून आपलं उत्तर आत जातं. दुसरीतून त्याचं रोजचं बोलणं बाहेर येतं, तापमान वगैरे. तिसरी फक्त तक्रारीची. कुठली वाट कुठे जोडायची ते लायब्ररीत एका ओळीत सांगता येतं." तक्रार पडद्यावर लाल अक्षरांत यायची. मशीनमधलं तापमान मोजणारा सेन्सर गप्प झाला तर प्रोग्रॅम हीटर बंद करून विचारायचा: शेवटचा आकडा खरा धरून पुढे जाऊ का? कुणी उत्तर देईपर्यंत थांबून राहायचा.

एकदा गिऱ्हाईक आलेलं असताना सेन्सरची पिन सैल झाली आणि पडदा लाल झाला. पिन लगेच बसवली, पण बाबांचा पारा चढला तो चढलाच.

"घरची धुणी चारचौघांत कशाला? ती लाल अक्षरं नकोत मला."

"बाबा, ती दिसतात म्हणून तर कळतं—"

"तीस वर्षं मला तुझ्या मशीनशिवाय कळत होतं."

पुढच्याच आठवड्यात वहिनी तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेली. तेवढ्यात बाबांनी माझ्या धाकट्या भावाला कामाला लावलं. घरात त्याला आम्ही दीडशहाणा म्हणतो आणि तो ते कौतुक समजतो. त्याने ती एक ओळ बदलली. तक्रारीची वाट कुठेच जोडली नाही, आणि उत्तराच्या वाटेतून न थांबता 'हो' जात राहील अशी सोय केली.

"आता मशीन वर तोंड करून बोलणार नाही," जेवताना तो ऐटीत म्हणाला.

"सुनेलाही अशी एक ओळ बसते का बघ," बाबा म्हणाले. दादा हसला. स्वतःच्या बायकोवर हसला. मला त्याची किळस आली.

मग उंदराने सेन्सरची वायर कुरतडली. प्रोग्रॅमने विचारलं, त्याला 'हो' मिळालं. शेवटचा आकडा जरासा कमी होता, म्हणून हीटर तापतच राहिला. पडद्यावर मात्र तोच आकडा हिरवागार.

वहिनी परतली ती बॅग खांद्यावर घेऊनच शेडमध्ये शिरली. मशीनच्या दाराला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. एक अंडं फोडलं. आत पिसं फुटलेलं पिल्लू शिजलं होतं. मशीनमागे वाकून तिने तुटलेली वायर मला दाखवली. कॉम्प्युटरवर ती बदललेली ओळही तिला सापडली. एवढ्यात बाबा, दादा आणि दीडशहाणा आले.

"बाबा, वायर—"

"कारणं नकोत."

"माझ्या मागे कुणीतरी ओळ बदललीय. हे बघा तरी."

"हॅचरी तुला हवी होती ना? मग मढीही तुझीच. उचल."

तिने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "प्रोग्रॅम तर तुझाच आहे." दीडशहाणा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता.

आम्ही दोघींनी हातांनी ट्रे रिकामे केले. तळच्या ट्रेमधून चिवचिव ऐकू येत होती. बाबा दारातून म्हणाले, "तीही टाक. अधू पिल्लं कोण घेतं?" तिने तीही टाकली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाबांनी हॅचरी दीडशहाण्याच्या नावावर करून टाकली. नवी अंडी आली, ट्रे भरले गेले. वायर तुटलेलीच राहिली. तिचं कुणी विचारलं नाही, कारण कारणं नको होती.

सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "वहिनी, तुझा प्रोग्रॅम सुरू करतोय. आधी काही बघायला लागतं का?"

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "काही नाही, भाऊजी. आहे तसाच सुरू करा."

तो शीळ घालत शेडकडे गेला.

"ताई, तुम्हाला सांगायचं असेल तर जा, सांगा," वहिनी म्हणाली.

मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि विसळायला लागले.