शुभांगीचा आठचा फोन

शुभांगीच्या लग्नाला आठ महिने झाले होते. तामलवाडीला सासरची माणसं शेतात गेली की सकाळी आठच्या सुमारास ती वडलांना फोन करायची. नेमका त्याच वेळी तिचा बाप कोंडीराम पिकअपमध्ये खवा भरून भूमहून बार्शीच्या रस्त्याला लागलेला असायचा. बाकीच्यांचे फोन वाजत राहिले तरी त्याला चालायचं. लेकीचा मात्र तो पहिल्या रिंगला उचलायचा. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा कानाला.

त्या दिवशी मथुराबाईला बार्शीला डोळे दाखवायचे होते, म्हणून ती नवऱ्याच्या शेजारी बसली होती. फोन आला. "बोल माय," म्हणत कोंडीराम हसत हसत ऐकू लागला. वळणापलीकडं उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती.

"आवं, पुढं बघा."

त्यानं करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेले ऊस काचेपासून हातभर लांब होते. मागं डबे एकमेकांवर आदळले. पायाशी पडलेल्या फोनमधून शुभांगी "आण्णा, आण्णा" म्हणत होती.

मथुराबाईनं वाकून फोन उचलला. "आमी ठीक हाव. घरी गेल्यावर बोलते," एवढंच म्हणून तिनं ठेवून दिला.

"पोरीचा फोन हुता," कोंडीराम म्हणाला. "तिला तेवढाच टाइम मिळतो."

"ती तुमचा आवाज ऐकाय फोन करती. आज तिला काय ऐकाय मिळालं असतं?"

बार्शीपर्यंत त्यानं गाडी सावकाश चालवत नेली.

संध्याकाळी त्यानं स्वतःच लेकीला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. ती रडायला लागली. "म्या सकाळी करतच न्हाय आता."

"तू करू नगंस. म्या करतो. वाटंत कल्याणप्पाच्या हॉटेलावर गाडी लावतो अन् करतो. सव्वाआठ हुतील, तेवढी कळ काढ."

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. खवा उशिरा येतो म्हणून बार्शीचे दुकानदार चार दिवस कुरकुरले, मग त्यांना सवय झाली.

एकदा भट्टीवरच खवा निघायला वेळ लागला. साडेआठ वाजून गेले. हॉटेल अजून लांब होतं, लेक वाट बघत असेल, रस्ताही मोकळा होता. कोंडीरामनं चालत्या गाडीतूनच फोन लावला.

"काय करायलीस माय?"

शुभांगी हळू आवाजात म्हणाली, "आण्णा, गाडीचा आवाज यायलाय." आणि तिनं फोन कट केला.

त्यानं बाभळीखाली गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि पुन्हा लावला. तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"आता बंद हाय का?"

"हाय. चावी हातात हाय माज्या."

"खरं?"

"तुजी शपथ. लई आईवर गेलीस तू."

ती हसली. मग सांगू लागली, की काल रात्री सासूबाईंनी तिच्या हातची आमटी पहिल्यांदाच पुन्हा मागून घेतली. शेजारून ट्रक जात होते. कोंडीराम दुसऱ्या कानावर हात ठेवून ऐकत बसला.