गिटारीतली कुजबुज

"फेकायचं लाकूड आहे की विकायचं, तेवढं सांगा दाजी," काउंटरवरून मेहुणा म्हणाला. दाजींनी नेहमीप्रमाणे गिटारीच्या अंगावर टकटक केली आणि कान लावला.

जुनी वाद्यं घेणाऱ्या-विकणाऱ्या त्या दुकानात पारख करायची ती दाजींनी. दुकान मेहुण्याचं, कान दाजींचे. मेहुणा दाजी म्हणतो म्हणून गिऱ्हाइकंही त्यांना दाजीच म्हणत. "अख्ख्या शहराच्या बहिणी माझ्याच गळ्यात," असं ते बायकोच्या पाठीमागे म्हणत. तिच्यासमोर म्हणायची छाती नव्हती.

महागाची गिटार काय, आंधळाही ओळखेल. कस लागतो तो स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारीपाशी, असं त्यांचं म्हणणं. स्वस्त वस्तू करताना कारखान्याने कुठेतरी हात आखडलेला असतोच. तो कुठे, एवढंच शोधायचं. खुंट्यांत आखडला असेल तर खुंट्या बदलता येतात. मानेत आखडला असेल तर मात्र गिटार कामातून गेली.

ही गिटार घेऊन आलेले गृहस्थ तिच्याकडे पाठ करून उभे होते.

"मुलीची आहे," ते म्हणाले. "पहिल्या पगारातून घेतली. मी म्हटलं होतं तिला, फसवलं तुला दुकानदारानं."

"आता वाजवत नाही का ती?" दाजींनी सहज विचारलं.

"ती नाही आता."

मेहुण्याने उगाचच काउंटर पुसला.

"आणि मधूनच कुजबुजते ही," गृहस्थ घाईने म्हणाले. "तेवढं बंद करा. नाहीतर कोण घेणार?"

ते गेल्यावर दाजींनी गिटार उचलून मानेवरून एक डोळा मिटून पाहिलं. मान सरळसोट. मानेवरच्या पितळी पट्ट्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला, कुठे टोचलं नाही. खुंट्या जरा ढिल्या होत्या, पण तार उतरण्याइतक्या नाहीत. पोर फसली नव्हती. मग त्यांनी पाठीमागचं झाकण उघडलं आणि चोर सापडला. वायरींच्या पोकळीला आतून तांब्याचा कागद लावलेला नव्हता. तो नसला की वायरी हवेतलं वाटेल ते पकडतात आणि गिटार रेडिओसारखी बोलू लागते. अशा बोलघेवड्या गिटारी दाजींनी ढिगाने पाहिल्या होत्या.

त्यांनी ती आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पला जोडली. आधी खरखर झाली, मग एका मुलीचं गुणगुणणं ऐकू आलं. लागलं कुठलंतरी स्टेशन, म्हणून दाजींनी नेहमीची सरगम वाजवायला घेतली. तिसऱ्या तारेवर बोट घसरलं.

"परत," आवाज म्हणाला.

दाजींना हसू आलं. योगायोग म्हणजे तरी किती! त्यांनी पहिल्यापासून वाजवलं आणि या वेळी मुद्दाम वेगळ्याच ठिकाणी चूक केली.

"परत."

समोर बसून शिकवणारं माणूस न चिडता म्हणतं, तसं.

"ए, रेडिओवर ही मुलगी कुठं लागलीय बघ रे," त्यांनी मेहुण्याला सांगितलं. मेहुण्याने दुकानातल्या रेडिओचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. बातम्या होत्या, जाहिराती होत्या, कुणी बाजारभाव सांगत होतं. मुलगी कुठेच नव्हती.

दाजींनी घसा खाकरला आणि सगळं नीट, न चुकता वाजवलं. मग अगदी जवळून समाधानाचा एक हुंकार आला.

"हं."

भर दुपारी दाजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी वायर उपटली. तांब्याचा कागद काढला, कापला, पोकळीत चोपून चिकटवला, त्याला अर्थिंगची वायर जोडली. हातांना ते काम पाठ होतं म्हणून बरं. पुन्हा लावून पाहिली तर गिटार गपगार.

"वा दाजी! आता झाली विकायला तयार," मेहुणा म्हणाला. दाजींनी मान डोलावली, पण चहा त्यांना जाईना.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले नाहीत, त्यांची बायको आली. धाप लागली होती तरी बसली नाही.

"विकली नाहीत ना? जरा लावून दाखवता?"

दाजींनी लावली. बाई अ‍ॅम्पजवळ वाकल्या, आणखी वाकल्या.

"बोलत का नाही?"

"दुरुस्त केली, ताई. साहेबांनीच सांगितलं होतं."

"त्यांना सोसत नव्हतं ते. मी दुपारची लावून बसायचे. नुसती गुणगुणायची ती. मला तेवढं पुरायचं."

दाजींनी झाकण उघडलं आणि तांब्याचा कागद ओरबाडून काढला. चिंध्या होऊन निघाला तो. पुन्हा जोडली. खरखर झाली आणि एक भारदस्त पुरुषी आवाज जाहिरातीत भिंतीच्या रंगाचे गुण सांगू लागला. दोघं थांबली. रंग संपला, हवामान आलं. दाजींनी गिटार फिरवून पाहिली, वायरी हलवून पाहिल्या, तिला दारापर्यंत नेऊन पाहिलं. हवामानच चालू राहिलं.

"तुम्ही ऐकलं होतंत तिला?" बाईंनी विचारलं.

नाही म्हटलं असतं तर दाजी तिथेच सुटले असते.

"हो."

"गुणगुणत होती ना?"

"आधी गुणगुणत होती. मग बोलली. मी चुकलो की 'परत' म्हणायची. बरोबर वाजवलं तेव्हा 'हं' म्हणाली."

"माझ्याशी एकदाही बोलली नाही," त्या म्हणाल्या. मग कारणही त्यांचं त्यांनाच सापडलं. "मला वाजवता येत नाही ना."

"मी घाबरलो, ताई. म्हणून बंद केली. दुरुस्तीचं आपलं निमित्त."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "गिटार कशी आहे पण? खरंच फसवलं होतं का तिला?"

"छे! पारखून घेतलेली आहे. ह्या भावात ह्याहून चांगली मलासुद्धा मिळाली नसती."

"हे ह्यांना सांगा एकदा. माझं ऐकत नाहीत."

मग त्या स्टुलावर बसल्या आणि गिटार मांडीवर ओढून घेतली. उलटी धरली होती. दाजींनी सुलटी करून दिली, त्यांचं पहिलं बोट पहिल्या तारेवर ठेवलं. बाईंनी जोर लावून दाबलं आणि चटकन उचललं. बोटाच्या टोकावर तारेचा लाल वळ उठला होता.

"रोज दुखतं का असं?"

"सुरुवातीला दुखतं. मग बोट निबर होतं."

बाईंनी बोट पदराला पुसलं आणि पुन्हा तारेवर ठेवलं. अ‍ॅम्पमधला माणूस उद्याचं तापमान सांगत होता. मेहुणा तो बंद करायला उठला, तर दाजींनी त्याला हातानेच खाली बसवलं.