हॅरो पॉइंटच्या तोफेची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तोफ आहे. पण माझ्यामुळे आजवर एक चिमणीदेखील मेलेली नाही. लढाईसाठी मला कुणी घडवलेच नव्हते. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर जहाजांच्या कड्या आणि कप्प्या ओतणारा एक कारखाना होता. तिथे उरलेल्या पितळाची मी झाले. लांबीला कुत्र्याच्या पिल्लाएवढी, आवाजाला मात्र ढगाएवढी.

हॅरो पॉइंटच्या नौका-क्लबने मला विकत घेतले आणि क्लबघरामागच्या समुद्राकाठच्या भिंतीवर बसवले. काम एकच. उन्हाळ्यात रोज सूर्य बुडताना एक बार काढायचा, तोही गोळ्याशिवाय. त्या आवाजावर क्लबचा सचिव झेंडा उतरवी. हिरवळीवर जमलेले धनवान लोक हातातले पेले खाली ठेवत, उभे राहत, छातीवर हात ठेवून झेंड्याकडे तोंड करत. लॉबस्टरची नांगी तोंडात असलेली पोरेसुद्धा गप्प होत. मग बँड सुरू होई. माझ्याकडे पाठ करूनच माझा मान राखायची तिथली रीत होती. मला तिचा राग नव्हता. मला बघायला विनिफ्रेड थेअर होत्या.

विनिफ्रेडबाई क्लबच्या सर्वांत जुन्या सभासद. तोफेची जबाबदारी त्यांनी मागून घेतली होती आणि ती कुणाला देत नसत. बंदुकीच्या दारूची कापडी पुडी माझ्या नळीत बसवायच्या, मागच्या छिद्रात ठिणगीची पुंगळी खोचायच्या आणि दोरी ओढायच्या. मग मला धुऊन, पुसून, तोंडाला लाकडी बूच लावून वर खोळ चढवायच्या. "आज आवाज छान लागला हं," असे म्हणत थोपटायच्यासुद्धा. ते माझे सुखाचे दिवस.

मग शेजारच्या मोठ्या घरात हार्लन क्रो राहायला आले. माझ्या आवाजाने त्यांचे घोडे बुजत. मला वस्तुसंग्रहालयात पाठवा, असा अर्ज त्यांनी क्लबकडे केला. सभेत विनिफ्रेडबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हार्लन, आधी तुझं तोंड बंद होईल, मग माझ्या तोफेचं." लोक हसले. क्रोसुद्धा हसले. पण हे वाक्य पुढे फार महागात पडले.

ऑगस्टमधली ती संध्याकाळ दमट होती. विनिफ्रेडबाईंनी ठरल्या वेळेला दोरी ओढली. पुंगळी नुसती फुसफुसली. माझ्यातून आवाज निघालाच नाही. आणि त्याच क्षणी क्रोंच्या बोटघराच्या बाजूने धाडकन बार ऐकू आला. तिकडे हिरवळीवर सारे उभे राहिले, झेंडा उतरला, बँड वाजू लागला.

बार फुसका गेला की तोफेजवळून हलायचे नाही, अर्धा तास कुणाला जवळ येऊ द्यायचे नाही, असा नियम आहे. आत कुठे ठिणगी धुमसत असेल, सांगता येत नाही. म्हणून बाई माझ्याशेजारी एकट्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात बोटघरात क्रो मरून पडलेले सापडले. गोळी लागली होती. पोलीस आले आणि बाईंना घेऊन गेले. त्यांनी परोपरीने सांगितले की तोफ वाजलीच नाही. पोलीस अधिकारी हसला. अख्ख्या क्लबने ती ऐकली होती. बाईंना नेल्यावर सचिवाने तर न धुताच मला बूच लावून खोळही चढवली होती. मग माझ्या नळीत कोण डोकावणार?

मित्रांनो, त्या दिवसांत माझा जीव किती गुदमरला म्हणून सांगू. सत्य माझ्या पोटात होते. पण मला एकच शब्द बोलता येतो, तोही दुसऱ्याने दोरी ओढल्यावर.

खटला उभा राहिला. तोफ डागून बाई बोटघराकडे गेल्या आणि बँडच्या आवाजात गोळीचा आवाज बुडाला, असे सरकारी वकिलांचे म्हणणे होते. भांडणाचे मूळ म्हणून त्यांनी मला खोळीसकट न्यायालयात आणून टेबलावर ठेवले. जन्मठेप जवळजवळ ठरल्यासारखी होती. व्यापारी, डॉक्टर, बँकवाले, एकामागून एक सभ्य माणसे शपथेवर सांगत होती की तोफ वेळेवर वाजली. त्यांतले कुणीही खोटे बोलत नव्हते. ज्याने त्याने रोजचा आवाज रोजच्या वेळी ऐकला होता.

बाईंची वकील होती नादिया बारोस, शेजारच्या मासेमारीच्या गावातली तरुण पोरगी. तिने कुणाचीही साक्ष मोडायचा प्रयत्न केला नाही. ती वाट बघत होती क्रोंच्या भागीदाराची, चेस्टर डोनची. बाईंना बोटघराकडे जाताना पाहिले असे म्हणणारा तो एकटाच.

"तोफ वाजली तेव्हा तुम्ही कुठे होता?" नादियाने विचारले.

"तिच्या शेजारीच. हातभर अंतरावर."

"मग धूर दिसला असेल."

"दिसला म्हणजे? डोळे चुरचुरले माझे. कानात तर रात्रभर घंटा वाजत होत्या."

"नक्की?"

"पोरी, या किनाऱ्यावर तो आवाज कुणी चुकतं का?"

नादियाने न्यायाधीशांची परवानगी घेतली, माझी खोळ काढली, बूच काढले आणि एक लाकडी काठी माझ्या तोंडातून आत सरकवली. काठी आत अडली तेव्हा माझ्या तोंडापाशी तिने काठीवर बोट धरले. मग तीच काठी माझ्या अंगावर बाहेरून लावली. काठीचे टोक मागच्या छिद्राच्या वीतभर अलीकडेच संपले.

"ही नळी रिकामी नाही," ती म्हणाली. "त्या संध्याकाळची पुडी अजून आत आहे."

न्यायाधीशांनी शांतपणे आपली खुर्ची मागे ओढली. ज्यूरीतले दोघे तर बाकाखाली वाकले.

"बसा, बसा," आरोपीच्या जागेवरून विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "पुंगळीशिवाय ती माझ्या भाच्यापेक्षा निरुपद्रवी आहे."

सगळे न्यायालय हसले. डोन तेवढा हसला नाही. कारण आता प्रत्येकाला कळून चुकले होते की त्या संध्याकाळी एकच बार झाला, आणि तो बोटघरातला. सगळा हॅरो पॉइंट छातीवर हात ठेवून उभा राहिला होता तो खुनाच्या गोळीसाठी. डोनने घड्याळ बघून गोळी झाडली होती, माझ्या आवाजात आपला लपेल म्हणून. त्यालाही वाटले की मी वाजले. ती चूक इतरांसारखीच. पण न निघालेला धूर डोळ्यांत गेल्याचे मात्र त्याने एकट्यानेच सांगितले होते, म्हणजे तो माझ्याजवळ नव्हताच.

बाई सुटल्या. अंगणात नेऊन माझ्या नळीत पाणी ओतले गेले, भिजलेली पुडी आकड्याने ओढून काढली गेली, आणि टाळ्या पडल्या. इतक्या लोकांनी माझ्याकडे तोंड करून टाळ्या वाजवल्या, मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ.

बाई मला घरी न्यायला निघाल्या, तर कारकुनाने अडवले. डोनवर आता खटला चालणार, तोवर तोफ पुराव्यात जमा.

"म्हणजे मी सुटले आणि ती कैदेत?" बाई कडाडल्या. न्यायाधीशांनी हसू दाबत हुकूम लिहिला की श्रीमती थेअर यांना पुरावा पुसण्यासाठी रोज येऊ द्यावे.

तेव्हापासून मी पुराव्याच्या खोलीत आहे. बाई रोज दुपारी फडके आणि ब्लूबेरीचा केक घेऊन येतात. केक पहाऱ्याच्या शिपायाला, फडके मला. हल्ली शिपायानेही एक फडके आणले आहे. परवा त्याने विचारले, "बाई, बाहेरून तर चकचकीत झाली. आता रोज आत कशाला बघायचं?"

बाई म्हणाल्या, "बाहेरून बघणारे खूप होते रे बाबा."

मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखे जुने काहीतरी असेल, ज्याचा आवाज तुम्हाला पाठ झाला आहे. त्याला अधूनमधून पुसा, आणि पुसताना वाकून जरा आतही बघा.