महाराजांच्या बोटांतला गुण

महाराज मजल्यावर आलेत म्हटल्यावर अर्ध्या ऑफिसने जेवणाचे डबे तसेच उघडे टाकले आणि त्यांच्याभोवती कडं केलं. महाराज म्हणजे सिस्टिम विभागातले एक गृहस्थ. दाढी नाही, कफनी नाही. इस्त्रीचा शर्ट आणि चेहऱ्यावर मोक्षाची खात्री.

कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पंपातून रुग्णाच्या शिरेत किती औषध सोडायचं, हे ते ठरवायचं. सगळ्यांचा कोड एका सर्व्हरवर एकत्र राहायचा; त्या कोठाराला रेपो म्हणत. सर्व्हर बदलला आणि रेपोने सगळ्यांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. पडद्यावर लाल अक्षरं यायची : सर्टिफिकेटची खात्री पटत नाही. कोड आत जाईना की बाहेर येईना.

महाराज मात्र बसले की काम फत्ते. आधी ते बोटं मोडायचे, मग सगळ्यांना पाठ फिरवायला सांगायचे, कारण पाहिलं की गुण जातो. एक ओळ टाइप झाली की लाल अक्षरं गायब. हिशेबनिसाने तर प्रिंटरवरूनही हात फिरवून घेतला. अशी माणसं पगारावर मिळत नाहीत, लाभावी लागतात, असं साहेबांचं मत पडलं.

पाठ फिरवायला तयार नव्हती ती एकटी शंका मॅडम. सॉफ्टवेअर तपासणं हे तिचं काम आणि शंका घेण्याचाच तिला पगार, म्हणून हे नाव. काय टाइप करता, असं तिने विचारलं.

"मॅडम, कोड जातोय ना? मग जाऊ द्या की," महाराज म्हणाले.

तिने त्यांना आपल्या कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. तिचं काम अडलं आणि तिच्या टेबलाला सगळे 'नास्तिकांची वस्ती' म्हणू लागले.

नवी आवृत्ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुग्णालयांत जायची होती. त्या दिवशी सकाळी साहेब मंजुरी मागायला आले.

"साहेब, माझ्या बाबांच्या हाताला आपलाच पंप लावलाय," ती म्हणाली. "जेवणानंतर सगळ्यांना एकदा बोलवा, मग देते."

शेजारणीच्या कॉम्प्युटरची सेटिंग्ज उघडल्यावर तिला महाराजांची ओळ सापडली. नेटवर्कवाल्याला तिने विश्वासात घेतलं आणि दोघं कामाला लागले.

जेवणानंतर तिने जाहीर केलं, की आपल्यालाही सिद्धी प्राप्त झाली आहे. कुणी पाठ फिरवू नये, फक्त रेपोतून ताजा कोड घ्यावा. सगळ्यांनी घेतला. लाल अक्षरं नाहीत. महाराजांनीही कौतुकाने मान हलवली.

"आता औषधाचं प्रमाण बघा."

प्रमाण दसपट झालं होतं.

"हा कोड रेपोतून आलेला नाही. चहाच्या खोलीत साखरेच्या डब्यामागे आम्ही जुना लॅपटॉप ठेवलाय, त्याने दिलाय. रेपोचं नाव सांगून बसलाय तिथे. तुमचे पासवर्डही त्याच्याकडेच गेलेत. साहेब, तुमचा फार गोड आहे."

"मोठ्याने वाचू नका," साहेब म्हणाले.

तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर मात्र लाल अक्षरं होती. त्या तोतयाला त्याने दारातच अडवलं होतं.

मग तिने उलगडा केला. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. नव्या ओळखपत्रावर कंपनीचा नवा शिक्का होता आणि तो ओळखायला कॉम्प्युटरना कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून ते अडवत होते. महाराजांची ओळ एवढंच सांगत होती, की ओळखपत्र तपासूच नकोस.

"पण काम तर चालू झालं होतं," महाराज पुटपुटले.

"पहारेकऱ्याला झोपवल्यावर दारात वाद होत नाहीत, हे खरं."

ओळ इंटरनेटवर सापडली होती, हे महाराजांनी कबूल केलं. अर्थ वाचायचा राहिला, कारण दर्शनाला रांग होती.

तिने लॅपटॉप बंद केला. तिच्या कॉम्प्युटरला नवा शिक्का ओळखायला तिने सकाळीच शिकवलं होतं. तपासणी चालू ठेवूनही खरा रेपो उघडला. साहेबांनी नवी आवृत्ती थांबवली. सगळ्यांनी महाराजांची ओळ पुसली, शिक्का बसवला, पासवर्ड बदलले आणि सगळा कोड पुन्हा तपासायला घेतला. रुग्णालयात बाबांचा पंप जुन्या, तपासलेल्या कोडवर थेंब थेंब औषध देत राहिला.

लाल अक्षरं हा कुणाचा कोप नसतो. यंत्र आपल्याला काहीतरी विचारत असतं. आधी ते वाचावं. आणि चमत्कार करणाऱ्याच्या पाया पडायचंच असेल, तर वाकण्यापूर्वी एवढं विचारावं : काम सुरू झालेलं दिसलं, पण त्यासाठी तुम्ही बंद काय केलंत?