भलतं आभाळ

१८८८ च्या वैशाखात अल्फान्सो फोटोग्राफरला हवं ते एकदाचं मिळालं. ठाण्याच्या खाडीपुलाअलीकडे, कोपरीच्या मिठागरांपाशी, कल्याणची गाडी वळिवात सापडून उभी राहिली होती. वाऱ्यानं इंजिनाचा धूर झोडपून आडवा केला होता. सुझानानं, त्याच्या बायकोनं, छत्री दोन्ही हातांनी धरली आणि अल्फान्सोनं काळ्या कापडात डोकं घालून काचेवर ते दृश्य टिपलं.

काच धुतल्यावर मात्र त्याचं तोंड उतरलं. गाडी सुरेख, धूर सुरेख आणि आभाळाच्या जागी नुसतं कोरं पांढरं! त्या काळच्या काचांची ही खोडच होती. जमिनीवरचं नीट उमटेपर्यंत आभाळाचा उजेड जास्त व्हायचा आणि काळे ढगही कागदावर पांढरे उतरायचे. म्हणून फोटोवाले ढगांच्या वेगळ्या काचा जपून ठेवत आणि हवं ते आभाळ वरून छापत. अल्फान्सोनंही वसईला आषाढात टिपलेलं आभाळ छापलं. आता फोटो पाहणारा दचकलाच असता.

उद्याच्या गाडीनं तो फोटो मुंबईच्या प्रदर्शनाला जायचा होता. सात वर्षं लग्नाची वऱ्हाडं टिपणाऱ्या अल्फान्सोला, आपल्याला आणखीही काही येतं हे दाखवायची ती एकच संधी होती.

संध्याकाळी मिठागरवाला धाकू दारात आला. त्याच वळिवानं त्याच्या मिठाच्या राशी विरघळवल्या होत्या.

"त्या दिवसाचा फोटू काढलास म्हणं. बघू दे. माझं मीठ नेलं त्या आभाळाचं तोंड बघायचंय."

अल्फान्सोनं हौसेनं फोटो दिला. धाकूनं तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"ह्यो ढग त्या दिवसाचा नाय."

"असं कसं, धाकूदादा?"

"ढगाखालच्या सरी बघ, डावीकडं कलल्यात. धूर पळतोय उजवीकडं. गाडी तर उभी हाय. वारा काय दोन तोंडांनी फुंकतो?" तो हसला. "तुझा ढग दर्यावरनं आलाय. माझं मीठ नेणारा डोंगराकडनं आलेला."

"मुंबईच्या सायबांना काय कळणार आहे?" सुझाना आतून म्हणाली. "तेसुद्धा हेच करतात."

खरंच होतं ते. पण धाकूनं फोटो खाली ठेवला आणि पुन्हा त्याकडे पाहिलंही नाही. चोर म्हणून आपण त्याला भलत्याच माणसाचं तोंड दाखवलं, असं अल्फान्सोला वाटलं.

सकाळच्या उन्हात त्यानं आभाळ न घालता नवा फोटो छापला.

"कोरं आभाळ पाठवताय," दोरी आवळत सुझाना म्हणाली. "कोपऱ्यात टांगतील."

"टांगू देत."

पुडकं स्टेशनात देऊन परतताना त्याला धाकू फुटलेला बांध घालताना दिसला.

"धाकूदादा, पुढच्या वळिवाला मी दोन काचा आणीन. एक गाडीला, एक लगेच आभाळाला. ढग कुठून उठतोय ते आधी सांगाल?"

"सांगीन की. पन मी तर देवाला रोज म्हणतो, नको येऊ देऊस."

 सात वर्षं अल्फान्सो वादळाचीच वाट पाहत आला होता. त्यानं बूट काढले, विजार वर दुमडली आणि चिखलाची पाटी उचलायला धाकूशेजारी उतरला.