नणंदेला कोण सांगणार?

"लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घ्या गं," असं मैत्रिणीनं तिला बजावलं होतं. "आम्ही काय आजारी आहोत?" म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं. आता दर काही आठवड्यांनी लेकीला रक्त चढवावं लागे, आणि सासूबाई येता-जाता म्हणत, "हे दुखणं तुझ्या माहेरचं."

रुग्णालयाच्या सभागृहात जनुकीय उपचारांवर लोकांची तज्ज्ञांशी चर्चा होती. नवरा कामावर, म्हणून सोबत सासूबाई. रक्त चढवून दमलेली लेक खांद्यावर झोपली होती. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घ्यायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

एक निवृत्त मास्तर उठले. "डॉक्टरीणबाई, सोपं सांगा हो. तुमचं ऐकूनच आमचं रक्त आटायला लागलंय!"

सगळे हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या. "थॅलेसेमिया, म्हणजे ज्यात मुलाला सतत रक्त चढवावं लागतं तो आजार, आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच मुलाला होतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो. पण तो दोष पुढे देऊ शकतो. म्हणून अशा आईबापांच्या भावंडांनीही तपासणी करायला हवी."

दोघांकडून! तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या पंख्याकडे बघत होत्या.

आणि भावंडांनीही. नणंदेला तिसरा महिना होता. भाचीला 'थोडा अशक्तपणा' आहे, एवढंच तिला सांगितलं होतं.

तिनं हात वर केला. सासूबाईंनी तो खाली ओढला. "गप बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरी कळलं तर माझ्या पोरीला नांदवतील का?"

"आणि बाळ असं निघालं तर नांदवतील, आई?"

ती उभी राहिली. "डॉक्टर, घरचे लपवत असतील तर तुम्ही आमच्या नातेवाइकांना कळवाल?"

"परस्पर नाही कळवता येत. सांगायला तुम्हालाच हवं."

"आणि त्यावरून घरात जे होईल?"

"त्यावर माझ्याकडे औषध नाही, ताई. पण तिला वेळेवर कळलं, तर निर्णय तिचा राहील."

बाहेर येऊन तिनं नणंदेला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"वहिनी, आईला माहीत होतं?"

"हो."

"आणि दादाला?"

तिनं डोळे मिटले. "हो. तू उद्याच तपासणीला ये, नवरा-बायको दोघंही या. मी येते तुमच्याबरोबर."

वाचकहो, तुमच्या घरातही एखादा आजार 'अशक्तपणा' म्हणून लपवला असेल. मग त्याच रक्ताची एखादी लेक, बहीण, भाची कुठंतरी निर्धास्त असेल. तिला कुणी सांगितलंय का, एवढं आज विचारून बघा.