राहून गेलेली चाळीस पावलं

मी एक जुना पंजा आहे. वाघाचा नव्हे, लगेच मागे सरकू नका. पालापाचोळा आणि वाळलं गवत ओढायचा, लोखंडी दातांचा आणि बाभळीच्या दांड्याचा पंजा. मित्रांनो, तुम्हाला माझी कहाणी ऐकायची आहे असं मला सांगण्यात आलं. का ऐकायची आहे, ते कुणी सांगितलं नाही. इतकी वर्षं मला कुणी 'कसा आहेस' म्हणून विचारलं नाही आणि आज एकदम गोल करून बसलात, म्हणजे यात नक्की काहीतरी गृहपाठ असणार. असो, सांगतो. पण मधेच कुणी मला हात लावू नये.

माझा जन्म मंडईजवळच्या एका बोळात झाला. बद्रीनाथ लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यातून माझे सहा दात ठोकून काढले. धायरीचे तात्याराव मंडईत मेथी-कोथिंबीर घेऊन यायचे. त्यांनी मला हातात घेतलं आणि दुकानासमोरच्या फरशीवर इतक्या जोरात आपटलं, की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दात वाकले नाहीत. तरी तात्यारावांनी मला उलटंपालटं करून तीनदा पाहिलं आणि बद्रीनाथला विचारलं, "सगळं बरं दिसतंय. मंग खोट कुठं हाय?" असा माझा मालक. त्यांच्या हाताखाली राहून माझाही स्वभाव तसाच झाला, त्याला मी काय करणार?

सुरुवातीची वर्षं कष्टाची आणि मानाची गेली. खळ्यावरचा भुसा ओढायचा, बांधावरचा पाला गोळा करायचा, दसऱ्याला कपाळी हळदकुंकू लावून घ्यायचं. तात्याराव शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत, "ह्यो पंजा म्हंजे वाघ हाय." आणि मला उसना मात्र कुणाला देत नसत.

मग पुण्याची हवा बदलली. तिकडे खराडीला काचेच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत काम करणाऱ्यांना राहायला घरं हवी झाली आणि ती शोधत शोधत लोक आमच्या धायरीच्या डोंगरापर्यंत आले. तात्यारावांची शेती गेली आणि तिथे चोवीस बंगल्यांची सोसायटी झाली. मागच्या भिंतीपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, तात्यारावांनी स्वतःपुरता एक तुकडा राखला. त्यावर त्यांचा गोठा आणि त्यात कवडी नावाची पांढऱ्या ठिपक्यांची गाय. उरलेल्या वेळात तात्याराव त्याच सोसायटीत माळीकाम करू लागले. जिथे त्यांनी ज्वारी पेरली होती, तिथे आता ते लॉनवरची पानं गोळा करत. त्यांना वाईट वाटत असणार. मला तर फारच वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

सोसायटीचे अध्यक्ष होते रंगनाथराव. आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवून सदाशिव पेठेतून इथे आलेले. स्वच्छतेचे भोक्ते. लॉनवर एक पान दिसलं तरी त्यांना रात्री झोप लागत नसे. ते तात्यारावांना सांगत, "पानं भिंतीपलीकडे टाका. भिंतीपलीकडे आपली हद्द नाही, म्हणजे कचराही आपला नाही." तात्याराव मला घेऊन पानं ओढत आणि भिंतीपलीकडे लोटत. तीन वर्षांत तिथे पुरुषभर उंचीचा ढीग झाला. तो वाढत वाढत गोठ्याच्या कुडाला जाऊन टेकला. "पावसात कुजंल आन् खत व्हईल," असं तात्याराव म्हणत. वरचा पाला कधी कुजला नाही, कारण रोज नवा पडत होता. मी माझं काम चोख करत होतो आणि मनातून खूश होतो.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर भिंतीलगतच्या शेवटच्या बंगल्यात राहणाऱ्या शर्मिलाकडे तिचे वडील राहायला आले. शर्मिला खराडीला संगणकाच्या कंपनीत होती. पहाटे कंपनीची गाडी तिला घेऊन जाई आणि अंधार पडल्यावर आणून सोडी. तिचे वडील बाबुराव वनखात्यात वनरक्षक म्हणून तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. सकाळी घरात बुद्धवंदना म्हणायची आणि मग मागच्या अंगणात उभं राहून डोंगराकडे पाहायचं, हा त्यांचा नेम. डोंगरावर कमरेइतकं गवत उन्हात वाळून पिवळं झालेलं होतं. बाबुराव ते पाहत. मग ढीग पाहत. मग पुन्हा गवत पाहत. एखादा माणूस एकाच जागी इतका वेळ काय पाहतो, याचा मला पहिल्या दिवसापासून संशय आला.

पौषात ते घरोघरी जाऊ लागले. छपराच्या पन्हळीतला पाला काढा, भिंतीला टेकलेली सरपणाची मोळी हलवा, मागच्या बाजूचे गॅसचे सिलिंडर पुढे आणा, असं हात जोडून सांगू लागले. रंगनाथरावांच्या दारात त्यांना उत्तर मिळालं, "आपण निवृत्त झालात असं ऐकलं होतं." बाबुराव हसले आणि पुढच्या दारी गेले.

मग ते तात्यारावांकडे आले. "तात्याराव, रोज सकाळी दोन तास तुमचा पंजा द्याल का? जाळरेषा काढायची आहे. वनखात्याची परवानगी आणली आहे मी."

मित्रांनो, जाळरेषा म्हणजे डोंगर आणि घरं यांच्या मधला, गवत खरवडून मातीपर्यंत उघडा केलेला पट्टा. वणवा खाली आला, की त्याला तिथे खायला काही मिळत नाही. तात्यारावांना 'न्हाई' म्हणता येईना, कारण शर्मिलाच्या घरी त्यांना रोज चहा मिळे. त्यांनी मला दिलं, पण रोज लांबून नजर ठेवली.

बाबुरावांनी एकट्याने वीस फूट रुंदीचा पट्टा काढायला घेतला. काम झालं, की ते माझ्या दातांतली माती काडीने काढत, दांडा पुसत आणि मला सावलीत ठेवत. परक्याचं अवजार इतकं कोण जपतं? मला वाटलं, हा माणूस मला पळवणार. रंगनाथरावांना वाटलं, टेकडीवर रस्ता काढून कुणीतरी प्लॉट पाडणार आणि हा त्यांचा हस्तक आहे. त्यांनी रातोरात पाटी रंगवून भिंतीवर ठोकली: 'टेकडीची हजामत करणाऱ्यांनी प्रथम आरशात पाहावे. तेथे काम शिल्लक नसल्यास समाधान मानावे.' बाबुरावांना टक्कल होतं. शर्मिला ती पाटी वाचून रडकुंडीला आली.

"बाबा, प्लीज बंद करा हे. आपण इथे नवीन आहोत. लोक आधीच आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघतात."

"बघू देत," बाबुराव म्हणाले. "अक्षर छान आहे त्यांचं."

माघ संपता संपता पट्टा चोवीस बंगल्यांच्या मागून सरकत तात्यारावांच्या तुकड्यापाशी आला. चाळीस पावलं उरली होती. बाबुरावांनी पावलं टाकून अंतर मोजलं आणि तिथेच घोटाळा झाला. तात्याराव झपझप आले.

"काय मोजताय सायेब?"

"तुमच्या गोठ्याभोवती पट्टा न्यायचा आहे. आणि हा ढीग हलवायला हवा. ठिणगी पडली तर गोठा राहणार नाही."

"समजलं मला. आधी पट्टा, मंग हद्दीचं दगड, मंग म्हनायचं ही जागा जंगलखात्याची. माझ्या तरुनपनी तुमच्यातल्याच एकानं माझा कोयता जप्त केलता आन् मला दिवसभर नाक्यावर बशिवलं व्हतं. चार पेंढ्या गवतासाठी!"

"तो मी नव्हतो, तात्याराव."

"खाकी तर तीच व्हती."

आणि त्यांनी मला बाबुरावांच्या हातातून हिसकावून घेतलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. मला वाटलं, सुटलो एकदाचा. बाबुराव हातांची माती झटकून घरी गेले. शर्मिलाने संध्याकाळी त्यांना विचारलं, की दुसरा पंजा आणून उरलेलं काम का करत नाही. ते म्हणाले, "जागा त्यांची आहे. ते 'हो' म्हणेपर्यंत मी तिथली काडी उपटणार नाही."

तात्यारावांनी मला गोठ्यात नेऊन ठेवलं. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. आता हा माणूस आपली गायसुद्धा सोडून देईल आणि जागा रिकामी आहे म्हणून दाखवेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी कवडीचं दावं काढलं, लोखंडी साखळी आणली, ती खुंट्याला कुलूप लावून अडकवली आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

होळीच्या आधीच्या शनिवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, डोंगरमाथ्यावर धूर दिसला. वारा खालच्या दिशेने होता. बघता बघता गवत तडतडायला लागलं. सोसायटीतले लोक मागच्या भिंतीपाशी जमले. तात्याराव गावठाणात एका लग्नाला गेले होते.

आणि मित्रांनो, जमलेल्या शहाण्या माणसांनी पहिलं काम काय केलं असेल? त्यांनी विचारलं, "कुणी लावला?" एक म्हणाला गावातले गवतासाठी लावतात, दुसरा म्हणाला सिगरेट ओढणारी कॉलेजची पोरं, आणि रंगनाथराव म्हणाले, "जे डोंगरावर रोज जात होते, त्यांना विचारा." बाबुराव बादल्या भरत होते.

आग बंगल्यांच्या मागे आली आणि उघड्या मातीपाशी अडली. खूप फणफणली, पण पट्टा ओलांडता आला नाही. मग ती कडेकडेने सरकली, राहून गेलेल्या चाळीस पावलांतून आत घुसली आणि ढिगाला लागली. तीन वर्षांचा वाळलेला पाला एका दमात पेटला.

"गोठ्यात गाय आहे!" शर्मिला ओरडली आणि भिंतीच्या फाटकातून धावली. मी कोपऱ्यात होतो. कुडाला धग लागली होती. कवडी साखळीला हिसके देत हंबरत होती. शर्मिलाने साखळी पाहिली, कुलूप पाहिलं, हाताने खेचून पाहिलं. तिला काही सुचेना. मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने माझे दात साखळीच्या कड्यात अडकवले, दांडा खांद्यावर घेतला आणि सगळा जोर लावून खुंटा वर उचकटायला लागली. माझा एक दात तुटला. मग दुसरा. मी आयुष्यात कुणावर विश्वास टाकला नव्हता, पण त्या क्षणी म्हणालो, पोरी, सगळे मोडले तरी चालतील, पण ओढ. खुंटा निघाला. कवडी साखळीसकट बाहेर पळाली आणि मागोमाग शर्मिला मला घट्ट धरून बाहेर आली.

तात्याराव धावत आले तेव्हा गोठ्याचं छप्पर खाली बसत होतं. वर्षभराचा कडबा जळत होता. त्यांच्या हातात किल्ली होती. ती कुठे लावावी हे न कळून ते तसेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

बंब येऊन गेला. संध्याकाळी सगळे राखेपाशी उभे होते. कवडीच्या पाठीवर भाजल्याचा चट्टा होता आणि बाबुराव त्यावर पाणी सोडत होते. रंगनाथरावांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. "पण लावला कुणी, हे कळायलाच हवं."

"डोंगराला कुनी लावली ठावं न्हाई," तात्याराव म्हणाले. "पर हितला ढीग म्याच रचला. ह्या पंज्यानं."

रंगनाथराव म्हणाले, "कर्ता चुकला तुमचा. माझ्या सांगण्यावरून रचला." त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो न लावताच परत ठेवला आणि स्वतःच्या हातांनी भिंतीवरची पाटी उपटली.

आणि मी? जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. लोहारावर, बाबुरावांवर, तुमच्यावरसुद्धा. पण तो पाला ज्यांनी ओढला, ते दात माझे होते. माझ्यावर मी कधी संशय घेतला नाही, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याराव मला घेऊन बाबुरावांच्या दारात गेले. "सायेब, चार दात ऱ्हायलेत. चालंल का?"

"चालेल," बाबुराव म्हणाले. "पण आधी तुमच्या जागेची हद्द तुम्ही दाखवा. मी तिच्या आत तुम्ही सांगाल तेवढंच खरवडीन."

तात्यारावांनी हद्द दाखवली. नंतर दिवसभर मागे उभे राहून बाबुराव रेघ सरळ काढतात की नाही, हेही पाहिलं. माणूस एका रात्रीत थोडाच बदलतो!

त्यानंतर दर माघात चोवीस घरं मिळून जाळरेषा काढतात. पन्हळी साफ होतात, सरपण हलतं, पाला खड्ड्यात जातो आणि त्यावर ओली माती पडते. मी आता थकलो आहे. दांडा करपला आहे, गंज चढला आहे. तरी पहिल्या दिवशी मला घेऊनच कामाला सुरुवात होते.

मित्रांनो, वणवा कोण लावतं ते मला आजवर कळलं नाही आणि तुम्हालाही कदाचित कळणार नाही. तुम्ही मात्र आज घरी गेल्यावर मागच्या बाजूला जा आणि भिंतीपलीकडे वाकून पाहा. तिथे काय साठलं आहे ते मला येऊन सांगू नका, मला अंदाज आहे. आणि ते आमचं नाही, असंही सांगू नका. होळीच्या आत उचला.